अमेरिकन वास्तववादी मुद्राचित्रणातील मुष्टियुद्ध

विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, विशेषतः न्यूयॉर्क शहरातील, वास्तववादी चित्रकारांनी मुष्टियुद्ध हा विषय प्रथम तैलचित्रांत व नंतर मुद्राचित्रांत हाताळला. ह्या मुद्राचित्रांत जॉर्ज वेस्ली बेलोज (१८८२–१९२५) ह्याच्या शिलामुद्राचित्रांचे स्थान इतके वरचे आहे, की हा विषय म्हणजे बव्हंशी त्याच्याच कामगिरीचा विषय होय. वास्तववादी म्हणून ओळखली जात असली, तरी ही चित्रे सामन्यांचे वृत्तांत नव्हेत. त्यांतील काही प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्यानंतर कित्येक वर्षांनी, स्मरणातून किंवा जुन्या रेखाटनांवरून दगडावर उतरविलेले आहेत. दोन योद्ध्यांची झुंज हा त्यांचा वरवरचा विषय. रिंगणातील देह आणि रिंगणाबाहेरची नजर ह्यांमधील नाते हा त्यांचा गाभा. कायदा, पैसा, वर्ग आणि वर्ण ह्यांचे त्या काळातील ताण ह्या नात्यातूनच चित्रांत उतरले आहेत.

मुष्टियुद्धाच्या चित्रणाची परंपरा त्यापूर्वीची आहे. फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको ह्याने १८१८ मध्ये केलेल्या एका शिलामुद्राचित्रात एक काळा व एक गोरा मुष्टियोद्धा समोरासमोर उभे असून त्यांच्या भोवती प्रेक्षकांचा वेढा आहे. शिलामुद्रणाचे तंत्र त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे होते. त्याच्या बाल्यावस्थेतच हा विषय त्याला मिळाला, ही लक्षणीय गोष्ट होय. अमेरिकेत करिअर अँड आइव्ह्‌ज ह्या न्यूयॉर्कच्या मुद्रणसंस्थेने लोकप्रिय सामन्यांची व विजेत्यांची रंगीत चित्रे मोठ्या प्रमाणावर छापून विकली. १८६० मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथे झालेल्या हीनन–सेयर्झ सामन्याचे चित्र त्यांपैकीच एक. अशा चित्रांत योद्धे पुतळ्यांसारखे पवित्रा घेऊन उभे असतात, प्रेक्षक नीटनेटक्या रांगांत दिसतात आणि रक्त, घाम वा थकवा ह्यांचा मागमूस नसतो. ती भिंतीवर लावण्याची स्मरणचित्रे होती.

ह्या विषयाला गंभीर कलेच्या पातळीवर आणले ते फिलाडेल्फियाचा चित्रकार टॉमस ईकिन्स ह्याने. टेकिंग द काउंट, साल्यूटॅट आणि बिट्‌वीन राउंड्‌स ही त्याची तीन तैलचित्रे १८९८–९९ ह्या काळातील आहेत. शरीररचनेचा काटेकोर अभ्यास केलेल्या ईकिन्सने तिन्ही चित्रांत प्रत्यक्ष ठोसा मात्र टाळला आहे. पडलेल्या योद्ध्यापुढे पंच आकडे मोजत आहे, विजेता हात उंचावून प्रेक्षकांना अभिवादन करीत आहे, दोन फेऱ्यांच्या मध्ये योद्धा कोपऱ्यात विसावला आहे, असे थांबलेले क्षणच त्याने निवडले. नंतरच्या पिढीने नेमका उलटा मार्ग धरला.

त्या पिढीच्या चित्रांमागील परिस्थिती समजण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील कायदा पाहणे आवश्यक आहे. १८९६ च्या हॉर्टन कायद्यान्वये तेथे मुष्टियुद्धाला मिळालेली मुभा १९०० मध्ये लुइस कायद्याने काढून घेतली. सार्वजनिक सामन्यांवर बंदी आली; मात्र खाजगी क्लबांनी केवळ आपल्या सभासदांसाठी योजिलेल्या सामन्यांना पळवाट राहिली. साहजिकच मद्यालयांच्या मागील दालनांतून ‘व्यायाम क्लब’ उभे राहिले. दाराशी पैसे देणारा प्रेक्षक त्या रात्रीपुरता सभासद होई आणि लढणारे दोघेही तसेच सभासद ठरत. १९११ मध्ये फ्रॉली कायद्याने दहा फेऱ्यांपर्यंतच्या, अधिकृत निकाल न देणाऱ्या सामन्यांना परवानगी दिली. १९१७ मध्ये तोही रद्द झाला. १९२० च्या वॉकर कायद्यानंतर मात्र मुष्टियुद्ध राज्याच्या देखरेखीखाली कायमचे अधिकृत झाले आणि अल्पावधीतच प्रचंड क्रीडागारांतून चालणारा मोठा व्यवसाय बनले. चोरट्या खोलीपासून झगझगीत क्रीडागारापर्यंतचे हे स्थित्यंतर बेलोजच्या चित्रांत टप्प्याटप्प्याने पाहावयास मिळते.

रॉबर्ट हेन्राय ह्या चित्रकार-शिक्षकाभोवती जमलेल्या आणि पुढे ‘ॲशकॅन संप्रदाय’ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या गटाने शहरातील सामान्य, ओबडधोबड जीवन हाच कलेचा विषय मानला. ‘ॲशकॅन’ म्हणजे राख-कचरा टाकण्याचा डबा. हे नाव अर्थातच हेटाळणीतून आलेले आहे. ह्या गटातील जॉन स्लोन, जॉर्ज लक्स, विल्यम ग्लॅकेन्स आणि एव्हरेट शिन हे चौघे फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रांसाठी चित्रे काढीत असत. आगीच्या किंवा अपघाताच्या जागी धावत जायचे, ओझरत्या खुणा टिपायच्या आणि कचेरीत परतून स्मरणातून चित्र पुरे करायचे, ही त्यांची सवय. ह्या सवयीतून जलद, ठळक रेषा आणि नेमका क्षण पकडण्याची हातोटी आली. मुद्राचित्रणातही त्यांना प्रस्थापितांचा विरोध सोसावा लागला : स्लोनने १९०५–०६ मध्ये केलेल्या न्यूयॉर्क जीवनावरील अम्लरेखन-मालेतील चार चित्रे अमेरिकन जलरंगचित्रकारांच्या संस्थेने १९०६ मध्ये असभ्य ठरवून आपल्या प्रदर्शनातून वगळली. व्हिस्लरच्या प्रभावाखालील तत्कालीन अम्लरेखनात जुने पूल, कालवे व धुके ह्यांचे राज्य होते. त्या वातावरणात भाड्याच्या खोल्यांतील माणसे चित्रित करणे हेच धाडस होते. रक्ताळलेले मुष्टियोद्धे ही त्याच्या पुढची पायरी.

बेलोज हा ओहायओ राज्यातील कोलंबसचा. ओहायओ राज्य विद्यापीठात असताना तो बेसबॉल व बास्केटबॉल खेळे. पदवी न घेताच १९०४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि हेन्रायचा शिष्य झाला. १९०६ मध्ये त्याने ब्रॉडवेवर ज्या इमारतीत चित्रशाळा थाटली, तिच्यासमोरच टॉम शार्की ह्याचा क्लब होता. शार्की हा पूर्वाश्रमीचा खलाशी व नामांकित मुष्टियोद्धा. १८९९ मध्ये हेवीवेट विजेतेपदासाठी तो जिम जेफ्रीझशी पंचवीस फेऱ्या झुंजला होता. ह्या क्लबातील अनुभवांतून बेलोजची क्लब नाइट (१९०७), स्टॅग ॲट शार्कीज (१९०९) आणि बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब (१९०९) ही तीन तैलचित्रे निर्माण झाली. पहिले व तिसरे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलावीथीत असून दुसरे १९२२ पासून क्लीव्हलंड कलासंग्रहालयात आहे. १९०९ मध्येच राष्ट्रीय चित्र अकादमीने त्याला सहसदस्य म्हणून निवडले. कायद्याच्या कडेला चालणारा खेळ रंगविणारा चित्रकार सत्ताविसाव्या वर्षीच प्रस्थापित संस्थेत दाखल झाला, ह्यात विरोधाभास आहे खरा; परंतु त्याच्या रंगलेपनाचे सामर्थ्य विरोधकांनाही नाकारता आले नाही.

बेलोजने शिलामुद्रण हाती घेतले ते १९१६ मध्ये. अमेरिकेत तोवर हे तंत्र भित्तिपत्रके, वेष्टने व व्यापारी चित्रे ह्यांच्याशी निगडित झाल्यामुळे कलावंत त्याच्यापासून दूर राहत. बेलोजने आपल्या चित्रशाळेतच मुद्रणयंत्र बसविले आणि १९२४ पर्यंत १७० हून अधिक शिलामुद्राचित्रे केली. त्यांत डझनाहून अधिक चित्रे मुष्टियुद्धाची आहेत. अमेरिकेत शिलामुद्रणाला कलामाध्यम म्हणून पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, तिचे मोठे श्रेय त्याला दिले जाते.

ह्या विषयासाठी हेच माध्यम का मानवले, हे त्याच्या प्रक्रियेवरून कळते. शिलामुद्रणात बारीक कणांच्या सपाट चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने थेट चित्र काढतात. नंतर अरबी डिंक व सौम्य अम्ल ह्यांचे मिश्रण लावून दगडाचा उरलेला भाग पाणी धरून ठेवील असा करतात. दगड ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरविला, की शाई फक्त खडूच्या खुणांवर बसते. मग कागद ठेवून यंत्राने दाब देतात. कागदावर चित्र उलट्या बाजूने उमटत असल्यामुळे डाव्या-उजव्याचा विचार आधीच करावा लागतो. अम्लरेखनात सुईची रेषा प्रमुख असते, तर येथे खडूचे दाणेदार करडे थर, दाट मखमली काळा आणि कोरा ठेवलेला पांढरा ह्यांची संपूर्ण श्रेणी उपलब्ध होते. दगडावरील काळा भाग पात्याने खरवडून त्यातून प्रकाशही काढता येतो. धुराने कोंदलेली खोली, रिंगणावर वरून पडणारा दिव्यांचा झोत, त्यात चमकणारी घामेजलेली पाठ आणि मागे अंधारात बुडालेले चेहरे ही दृश्ये जणू ह्या माध्यमासाठीच होती. शिवाय वृत्तपत्रीय रेखाटकाचा खडू आणि शिलामुद्रकाचा खडू ह्यांत अंतर थोडे. कागदावरची चपळाई दगडावर जशीच्या तशी नेता येत होती.

अर्थात, दगडावर काढलेले सारेच कागदावर सुखरूप उतरते असे नाही. मुद्रकाचा हात हलका नसेल, तर करडे थर काळवंडतात किंवा पुसले जातात. बेलोजची सुरुवातीची महत्त्वाची चित्रे जॉर्ज मिलर ह्या व्यवसायाने तयार झालेल्या मुद्रकाने छापली. १९२१ पासून बोल्टन ब्राउन ह्याचे साहाय्य त्याला लाभले. ब्राउन स्वतः चित्रकार होता आणि निरनिराळ्या कठीणतेचे खडू तो स्वतः तयार करी. मिलरने छापलेल्या चित्रांत काळ्याचा जोर अधिक, तर ब्राउनच्या प्रतींत चंदेरी करड्या छटांची नजाकत अधिक आढळते. मुष्टियुद्धाच्या विषयाला पहिलीच पद्धत जास्त शोभली, असे म्हणावेसे वाटते.

अ स्टॅग ॲट शार्कीज (१९१७, सु. ४७ × ६० सेंमी.) हे ह्या गटातील सर्वांत प्रसिद्ध मुद्राचित्र. त्याच्या सुमारे शंभर प्रती काढण्यात आल्या. ‘स्टॅग’ म्हणजे केवळ पुरुषांचा मेळावा. आठ वर्षांपूर्वीच्या तैलचित्राचीच रचना येथे आहे : एकमेकांवर कोसळणारे दोन देह मिळून एक त्रिकोणी घडण तयार होते, आणि पलीकडे वाकलेला पंच हात पसरून तिला पुरी करतो. परंतु रंग गेल्यामुळे परिणाम बदलला आहे. तैलचित्रात रंगाच्या जाड फटकाऱ्यांत मांस व हालचाल एकजीव झाली होती. मुद्राचित्रात स्नायूंचे ताण सुटे सुटे व धारदार दिसतात. तैलचित्रात रंगाच्या दोन-चार ठिपक्यांनी सुचविलेले प्रेक्षकांचे चेहरे येथे एकेक करून ओळखू यावेत इतके स्पष्ट, आणि म्हणूनच अधिक भयावह झाले आहेत. कोणी ओरडतो आहे, कोणी हसतो आहे, कोणी शेजाऱ्याला खुणावतो आहे. पाहणाऱ्याची जागा रिंगणाच्या पातळीखाली, त्या गर्दीतच आहे. चित्र दुरून, सुरक्षित अंतरावरून पाहण्याची सोय चित्रकाराने ठेवलेलीच नाही; जो पाहतो तो त्या रात्रीचा ‘सभासद’ होतो. ह्या रचनेला गोयाच्या बैलझुंजींच्या १८२५ मधील शिलामुद्राचित्रांची आठवण करून देणारे काहीतरी आहे. तेथेही रिंगणाइतकीच भोवतालची गर्दी बोलकी आहे. प्रेक्षकांच्या मुद्रांवर दोम्येच्या व्यंग्यदृष्टीची छाप जाणवते.

मुष्टियुद्धाच्या जाणकारांनी ह्या चित्रातील पवित्र्यांवर आक्षेप घेतले. असा पाय टाकून आणि असा तोल सोडून कोणी लढत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आपल्याला मुष्टियुद्धातले काही कळत नाही, आपण फक्त एकमेकांना ठार मारू पाहणारी दोन माणसे रंगवितो आहोत, अशा आशयाचे उत्तर बेलोजने दिले. स्वतः चांगला खेळाडू असलेल्या माणसाचे हे उत्तर काहीसे मिस्किल मानले पाहिजे. तथापि त्यात त्याच्या वास्तववादाची व्याख्याही आहे. पवित्र्याची अचूकता त्याला दुय्यम होती. आघाताचे वजन व त्याला मिळणारी दाद ह्या गोष्टी खऱ्या वाटल्या पाहिजेत, एवढाच त्याचा आग्रह होता.

हे मुद्राचित्र झाले, तेव्हा त्यातील जग मागे पडले होते. १९१६ मधील प्रिलिमिनरीज टू द बिग बाउट ह्या चित्रात बदललेले वातावरण दिसते. येथे रिंगण दूर, उजेडात तरंगल्यासारखे आहे. पुढील भागात उंची पोषाखातील स्त्रीपुरुष आपापल्या जागी जात आहेत. मुख्य सामना अजून सुरू व्हायचा आहे आणि प्राथमिक लढतींकडे कोणाचेच लक्ष नाही. दोन माणसे दिव्यांखाली एकमेकांना मारीत आहेत आणि सभ्य समाज खुर्च्या शोधण्यात गुंतला आहे. शार्कीच्या खोलीतील हिंस्र गर्दीपेक्षा ही शिष्ट उदासीनता बेलोजला अधिक टोचली असावी. त्याच वर्षीच्या इंट्रोड्यूसिंग जॉन एल. सलिव्हन ह्या चित्रात एकेकाळचा अजिंक्य, आता वृद्ध व स्थूल झालेला विजेता रिंगणात आणून लोकांना दाखविला जात आहे. बिट्‌वीन राउंड्‌स (१९१६) मध्ये कोपऱ्यात बसलेल्या योद्ध्याभोवती मदतनीसांची धावपळ आहे, तर काउंटेड आउट (१९२१) मध्ये भुईवर पडलेल्याला पंच मोजीत आहे. ईकिन्सने निवडलेले क्षणच येथे पुन्हा आले आहेत. मात्र ईकिन्सचा शांत गंभीरपणा जाऊन त्याजागी कोलाहल आला आहे.

वर्णभेदाचा प्रश्न ह्या चित्रांपासून वेगळा काढता येत नाही. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनी येथे टॉमी बर्न्झला हरवून जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट विजेता झाला, आणि त्याला पाडू शकेल अशा गोऱ्या योद्ध्याचा शोध सुरू झाला. त्या काल्पनिक तारणहारास ‘व्हाइट होप’ म्हणजे गोऱ्यांची आशा असे नाव पडले. बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब हे तैलचित्र ह्या पार्श्वभूमीवरचे आहे. काळा योद्धा झेपावत आहे, गोऱ्याचा रक्ताळलेला चेहरा मागे कलला आहे. चित्राच्या मूळ नावात काळ्यांसाठीचा हीन शब्द होता. नंतरचे नाव उपरोधाने भरलेले आहे. दोघेही ‘सभासद’ आहेत ते कायद्याला चुकविण्यापुरते. एरवी त्या समाजात दोघांचे सभासदत्व समान नव्हते. १९२१ मधील द व्हाइट होप ह्या शिलामुद्राचित्रात गोऱ्यांची ही आशाच खाली कोसळलेली असून काळा योद्धा विजयी आहे. जॉन्सनचे विजेतेपद १९१५ मध्ये हॅव्हॅना येथे जेस विलर्डने हिरावून घेतले होते, आणि १९२१ साली हॅरी विल्ससारख्या समर्थ काळ्या योद्ध्याला विजेतेपदासाठी लढण्याची संधीच मिळत नव्हती. अशा वेळी काढलेल्या ह्या चित्राचे शीर्षक सरळ अर्थाने घेता येत नाही. बेलोजची भूमिका पूर्णपणे निर्दोष होती, असा दावा करण्याचे कारण नाही. त्याच्या काळ्या योद्ध्यांच्या चित्रणात तत्कालीन ठोकळेबाज कल्पना डोकावतात, अशी टीका झालेली आहे. परंतु प्रेक्षकांचे विकृत चेहरे आणि योद्ध्याचा संयत देह ह्यांतील विरोध पाहिला, की निवाडा कोणाविरुद्ध आहे हे उमगते.

ह्या मालेचा शेवट एका प्रत्यक्ष घटनेने झाला. १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्‌स मैदानावर जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि अर्जेंटिनाचा लुईस आंजेल फिर्पो ह्यांचा सामना झाला. न्यूयॉर्क ईव्हनिंग जर्नल ह्या वृत्तपत्राने चित्रे काढण्यासाठी बेलोजला तेथे पाठविले होते. पहिल्याच फेरीत फिर्पो अनेकदा खाली पडला. तरीही त्याच फेरीत त्याने डेम्प्सीला दोरांमधून रिंगणाबाहेर, वार्ताहरांच्या अंगावर फेकले. दुसऱ्या फेरीत डेम्प्सीने त्याला निर्णायकपणे पाडले. सारा सामना चार मिनिटांच्या आत आटोपला. बेलोजने विजयाचा क्षण न निवडता, जगज्जेता बाहेर फेकला गेल्याचा तो एक क्षण निवडला. त्यावरून डेम्प्सी थ्रू द रोप्स व डेम्प्सी अँड फिर्पो ही शिलामुद्राचित्रे आणि त्याच नावाचे १९२४ चे तैलचित्र (व्हिटनी संग्रहालय, न्यूयॉर्क) त्याने केले. ज्याने हे चित्रच पाहिले आहे आणि निकाल ठाऊक नाही, तो फिर्पोलाच विजेता समजेल. एका चित्राने क्रीडाइतिहासाच्या नोंदीवर अशी मात करावी, हे क्वचितच घडते.

१९१७ च्या चित्राशी तुलना करता शैलीतील पालट स्पष्ट होतो. बेलोज त्या सुमारास जे हँबिज ह्याच्या ‘गतिशील समप्रमाण’ ह्या भूमितीय सिद्धांताकडे वळला होता. फिर्पोचा ताठ उभा देह, डेम्प्सीचा हवेतील तिरपा आडवा देह, दोरांच्या समांतर रेषा आणि पंचाचा पसरलेला हात ह्यांची मांडणी जवळजवळ आखणीसारखी आहे. प्रकाश स्वच्छ आहे, धूर नाही. डावीकडे अगदी कडेला दिसणारा टक्कल पडलेला प्रेक्षक म्हणजे स्वतः बेलोज असे मानले जाते. काही समीक्षकांना ही रचना थंड वाटते. पूर्वीच्या चित्रांतील श्वास कोंडविणारी जवळीक तीत नाही, हे खरे. परंतु हजारो प्रेक्षक, वृत्तपत्रे आणि लखलखीत दिवे ह्यांच्यासाठी योजिलेल्या ह्या नव्या मुष्टियुद्धाला कदाचित असेच कोरीव, भित्तिपत्रकासारखे चित्रण साजत होते.

आंत्रपुच्छ फुटल्याने बेलोजचे ८ जानेवारी १९२५ रोजी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्या कलाकृतींचे स्मृतिप्रदर्शन भरविले. त्याच्या शिलामुद्राचित्रांचा जवळजवळ संपूर्ण संच बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. पुढील दशकात फिलाडेल्फियाचा चित्रकार रॉबर्ट रिग्ज (१८९६–१९७०) ह्याने सर्कस, इस्पितळे ह्यांबरोबर मुष्टियुद्धही शिलामुद्रणात आणले. दगड प्रथम काळा करून त्यातून प्रकाश खरवडून काढण्याची त्याची पद्धत असल्याने त्याचे योद्धे घडविलेल्या शिल्पांसारखे भारदस्त वाटतात. मंदीच्या काळातील त्याच्या लहान क्लबांत प्रेक्षक अंधारात जवळजवळ विरून गेले आहेत आणि प्रकाश उरला आहे तो फक्त रिंगणातील थकलेल्या शरीरांवर.